भुऱ्याला जर्मनीला पाठवायची तयारी: आधी चिप, मग रेबीजचं इंजेक्शन

आमचा कुत्रा भुऱ्या भावासोबत जर्मनीला गेला तेव्हापासून ओळखीतल्या तिघा-चौघांनी फोन करून विचारलं की काय काय करावं लागतं, दरवेळी तेच ते सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्या क्रमाने कामं करायची त्या क्रमाने लिहिते, आणि आम्ही कुठे माती खाल्ली तेही सांगते, कारण ती माती महागाची होती.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, तिकीट नंतर. युरोपियन युनियनच्या यादीत भारत रेबीजच्या बाबतीत बिनधोक देशांमध्ये नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरीला कातडीखाली ओळखीची चिप, रेबीजची लस, त्यानंतर रक्ताची टायटर टेस्ट (म्हणजे लस अंगी लागली का ते बघणारी) आणि मग वाट पाहणं हे सगळं करावंच लागतं. लस दिल्यावर निदान 30 दिवसांनी रक्त काढायचं आणि रक्त काढल्या तारखेपासून पुढे 3 महिने थांबायचं, म्हणजे 4 महिने तर इथेच गेले, त्यात लॅबचा वेळ, डॉक्टरची सुट्टी, दिवाळी वगैरे धरा आणि सहा महिने हाताशी ठेवा. भावाला ऑफर लेटर आलं तेव्हा त्याच्याकडे चार महिनेसुद्धा नव्हते, तो पुढे गेला आणि भुऱ्या मागे आईजवळ राहिला, मग भाऊ परत येऊन त्याला घेऊन गेला. पिल्लू असेल तर अजून एक गोष्ट, ही रेबीजची लस 12 आठवडे पूर्ण व्हायच्या आधी दिलेली चालत नाही. आणि जात बघून घ्या. भुऱ्या रस्त्यावरून उचललेला अस्सल देशी, त्याला काही अडचण नव्हती, पण पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर जर्मनीत न्यायला कायद्यानेच बंदी आहे.

आता डॉक्टर. इथे लोकं सगळ्यात जास्त ढिलाई करतात. दवाखान्यात पांढरा कोट घालून बसलेला प्रत्येक माणूस पशुवैद्य नसतो बाप्पा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 प्रमाणे प्रॅक्टिस करायला पशुवैद्यकाची पदवी आणि परिषदेकडची नोंदणी दोन्ही लागतं, आणि त्याच कायद्याच्या कलम 30 मध्ये स्पष्ट आहे की जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करायचा हक्क फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. डिप्लोमा केलेले जे असतात त्यांना राज्य सरकारच्या परवानगीने लसीकरण, जखमेची पट्टी, खच्चीकरण असली किरकोळ कामं करता येतात, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. गावाकडे त्यांच्याशिवाय भागत नाही हे खरंच आहे आणि त्यांच्यातले कितीतरी हाताचे चांगले असतात, माझ्या मामाची म्हैस अशाच एकाने वाचवली. पण तुमच्या कागदावर त्यांची सही चालणार नाही, विषय संपला. तेव्हा डॉक्टरला सरळ रजिस्ट्रेशन नंबर विचारा, त्यात लाजायचं काही नाही, लेटरहेडवर नि शिक्क्यावर तो असायलाच पाहिजे. आपल्या नागपूरकरांना तर सबबच नाही, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आपल्याच गावात आहे आणि सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय कॉलेजही, जे 1958 पासून आहे. आई त्याला अजून 'ढोरायचा दवाखाना' म्हणते, पण भुऱ्याचा पाय मोडला होता तेव्हा तिथेच नेलं होतं तिने.

चिपचं आता नीट वाचा. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते, साधारण 12 मिलिमीटर लांब, जाडसर सुईने मानेखाली दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली टाकतात, भूल द्यावी लागत नाही, भुऱ्या एकदा कुंईं करून गप बसला. तिच्यात बॅटरी नाही आणि जीपीएसही नाही, हे मुद्दाम सांगते कारण शेजारच्या काकांना वाटलं होतं की आता कुत्रा हरवला तर मोबाइलवर दिसेल. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर चिप जागी होते आणि 15 अंकी नंबर देते, बस, एवढंच तिचं काम. विचारून घ्यायचं ते हे की चिप आयएसओ 11784 आणि 11785 वाली आहे का, म्हणजे 134.2 किलोहर्ट्झवर वाचली जाणारी, कारण दुसऱ्या जातीची असली तर तिकडच्या विमानतळावरच्या स्कॅनरला ती दिसणारच नाही. पहिले तीन आकडे देशाचे किंवा कंपनीचे असतात, 9 ने सुरू होणारा नंबर म्हणजे बहुधा कंपनीचा कोड, त्यात घाबरायचं काही नाही. टाकण्याआधी पॅकेटमधली चिप स्कॅन करायला लावा, टाकल्यावर परत कुत्र्यावरून स्कॅनर फिरवायला लावा, आणि बारकोडचे स्टिकर मिळतात ते लसीच्या पुस्तकात तिथल्या तिथे चिकटवून घ्या. गाई-म्हशींच्या कानातला 12 अंकी पिवळा बिल्ला निदान डोळ्यांना दिसतो, हे आतमधे असल्यामुळे कागदच तुमचा साक्षीदार.

आणि इथेच आमचं चुकलं. एका दवाखान्यात गेलो, चिप स्टॉकमधे नव्हती, तिथले म्हणाले की इंजेक्शन आज देऊन टाकतो, चिप पुढच्या आठवड्यात टाकू, काय फरक पडतो. पडतो ना! नियम असा आहे की चिप रेबीजच्या लसीच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी पाहिजे, कारण चिप नसलेल्या कुत्र्याला दिलेली लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कशाने करणार, युरोपवाल्यांच्या लेखी ती लस दिलीच नाही. आम्हाला हे कळलं दीड महिन्यानंतर, रक्त पाठवायच्या वेळी, दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पुस्तकातल्या तारखा बघून कपाळाला हात लावला. लस परत, 30 दिवस परत. बरं, आरोप तरी कोणावर करायचा, त्या दवाखान्याने परदेशात जाणारा कुत्रा क्वचितच पाहिला असेल, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून एकाच दिवशी दोन्ही करणार असाल तरी समोर उभं राहून चिप पहिले टाकायला लावा आणि दोन्हीच्या तारखा, लसीची कंपनी, बॅच नंबर, किती दिवस चालेल हे सगळं पुस्तकात लिहून घ्या.

टायटर टेस्टमधे रेबीजविरोधी अँटिबॉडी 0.5 आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त आली की पास. लॅब युरोपियन युनियनच्या मान्यतेचीच लागते, गल्लीतली कितीही चांगली असली तरी नाही, आणि सीरम, म्हणजे रक्तातला वेगळा काढलेला पातळ भाग, थंड ठेवूनच पाठवायचं असतं, मे महिन्यात नागपुरात हे प्रकरण कसं होतं ते तुम्हीच समजा, शक्यतो हिवाळ्यात उरका. रिपोर्टवर चिपचा नंबर आहे का बघा, आणि एक एक आकडा जुळवा, 15 आकड्यात एखादा इकडचा तिकडे झाला तरी तुमच्या सहा महिन्यांची वाट लागते. एकदा पास झाल्यावर पुढचा बूस्टर वेळेत देत राहिलात तर परत टेस्ट लागत नाही, पण एक दिवस जरी उशीर झाला तरी सगळं पहिल्यापासून, तेव्हा मोबाइलमधे रिमाइंडर आत्ताच लावा.

शेवटच्या पंधरवड्यात कागदांची पळापळ असते. युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट सरकारी पशुवैद्याच्या सहीचं लागतं आणि सही झाल्यापासून 10 दिवसांत तिकडे पोचावं लागतं, म्हणून हे खूप आधी करून ठेवता येत नाही. ते काम केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसकडे आहे, नागपूरला त्यांचं स्टेशन नाही, आम्ही मुंबईचं पकडलं. आधी इथल्या डॉक्टरांकडून फिट असल्याचा दाखला, सोबत लसीचं पुस्तक, टायटर रिपोर्ट, पासपोर्ट, तिकीट, सगळ्याच्या दोन-दोन कॉप्या. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर असलं तर नियम बदलतात, म्हणूनच भाऊ स्वतः आला.

मुंबईला रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन अख्खी बुक करावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा, आणि त्या पिंजऱ्यात भुऱ्याला टाकायला आई मेली तरी तयार झाली नसती. समृद्धीवरून कारने गेलो, 701 किलोमीटर, दर दोन तासांनी थांबून पाणी. विमानासाठीचा क्रेट मात्र महिनाभर आधी घरी आणून ठेवा, दार उघडं, आत जुनी चादर, जेवण आतच द्यायचं. भुऱ्या पहिले चार दिवस तिकडे बघायलाही तयार नव्हता, नंतर दुपारचा कूलरसमोर त्यातच झोपायला लागला. उभं राहता आलं, वळता आलं, पाय पसरता आले पाहिजेत, एवढा मोठा घ्या. झोपेची गोळी देऊ का म्हणून सगळे विचारतात, डॉक्टरला न विचारता देऊ नका, बहुतेक एअरलाइन्स गुंगीतला कुत्रा घेतच नाहीत.

तिकडे उतरल्यावर एक काम उरतं ते लोकं विसरतातच. चिपमधे तुमचं नाव-पत्ता नसतो, फक्त नंबर असतो, तो कुठल्यातरी रजिस्टरमधे तुमच्या फोन नंबरशी जोडावा लागतो. जर्मनीत टासो नावाचं फुकट रजिस्टर आहे, भावाने पहिल्याच आठवड्यात तिथे टाकला, आणि मग नगरपालिकेत कुत्र्याचा टॅक्स भरायला गेला. कुत्र्यावर टॅक्स ऐकून आई दोन दिवस हसत होती.