मालिकेतलं बेपत्ता गाव नकाशावर कसं शोधावं

रहस्यमालिकेतलं गाव किंवा बेट नेमकं कुठे आहे, याच्या फॅन थिअरी वाचायला मजा येते. पण त्यांतल्या बहुतेक एकाच ठिकाणी आपटतात. पडद्यावर एक डोंगर दिसतो, तसाच डोंगर कुठल्या तरी देशात सापडतो आणि लगेच नकाशावर खूण ठोकली जाते. अरे, तिथे शूटिंग झालं असेल! कथा तिथे घडते असं कोणी सांगितलं?

उदाहरणांसाठी तीन मालिका घेतो: ‘द प्रिझनर’ (१९६७-६८), ‘ट्विन पीक्स’ (१९९०-९१) आणि ‘लॉस्ट’ (२००४-१०). या पाहायच्या राहिल्या असतील तर इथेच थांबा, कारण पुढे बरंच काही फुटणार आहे.

१. नोंदी करा

मालिका पुन्हा पाहा, सबटायटल चालू ठेवा, आणि एपिसोड, मिनिट, खूण, ‘कोण बोललं’ असे चार रकाने भरा. चौथा रकाना गाळू नका.

२. शूटिंगची जागा वजा करा

सगळी गोम इथे आहे. मलाही सर्वांत जास्त याच पायरीनं छळलं. खुणा ढीगभर सापडतात, पण त्यांतल्या कुठल्या कथेच्या आणि कुठल्या कॅमेऱ्याच्या, हे काही केल्या सुटत नाही.

माझा नियम असा: ही खूण पडद्यावर यावी म्हणून कोणाला तरी मुद्दाम काही ठरवावं लागलं का? संवाद कोणीतरी लिहिलेला असतो. गाडीची नंबर प्लेट, भिंतीवरचा नकाशा, पाकिटावरचा पत्ता कोणीतरी बनवून घेतलेला असतो. या खुणा ठेवा. झाडं, डोंगर, समुद्राचा रंग, ढग हे सगळं युनिट जिथे पोचलं तिथलं असतं. ते बाजूला काढा, कितीही मोहात पाडत असलं तरी.

सर्वांत जास्त मोह सावल्यांचा. ‘लॉस्ट’मधलं विमान २२ सप्टेंबर २००४ ला एका अज्ञात बेटावर पडतं. विषुवदिनाच्या आसपासची तारीख! त्या दिवशी भर दुपारी सूर्य जितक्या अंशांवर असतो ते ९० मधून वजा केले की सरळ अक्षांश हातात येतो. कोणालाही मोजपट्टी काढावीशी वाटेल. पण मालिका हवाईतल्या ओआहू बेटावर चित्रित झाली, आणि तीही युनिटच्या सोयीच्या तारखांना. त्या सावलीतून तुम्हाला फार तर ओआहूचाच पत्ता लागेल, तोही चुकीच्या तारखेमुळे हललेला. सावल्यांवर उभ्या केलेल्या थिअरी मी आता वाचतसुद्धा नाही.

पक्ष्यांच्या आवाजांवर तर अजिबात जाऊ नका. आवाज नंतर स्टुडिओत चिकटवतात. अमेरिकी पडद्यावर गरुड दिसतो तेव्हा बऱ्याचदा ‘रेड-टेल्ड हॉक’ या वेगळ्याच पक्ष्याची किंकाळी ऐकू येते. ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुराचं हसणं हॉलिवूडनं जगभरच्या जंगलांत वाजवलं आहे. बेटावर कूकाबुरा ऐकू आला म्हणून बेट ऑस्ट्रेलियाजवळ, असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

वजाबाकी नीट केली की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण ‘ट्विन पीक्स’. धबधबा, हॉटेल, खानावळ हे सगळं वॉशिंग्टन राज्यात सिॲटलच्या पूर्वेला, स्नोक्वाल्मी आणि नॉर्थ बेंड भागात चित्रित झालं. पण एजंट कूपर गावात शिरताना टेपरेकॉर्डरवर सांगतो: कॅनडाच्या सीमेपासून पाच मैल दक्षिणेला, राज्याच्या हद्दीपासून बारा मैल पश्चिमेला. म्हणजे कथेतलं गाव त्याच राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, आयडाहोला खेटून. दोन जागांमध्ये साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. धबधब्याच्या मागे लागणारा माणूस राज्याच्या चुकीच्या टोकाला पोचतो.

३. बोलणारा कोण ते तपासा

आता चौथा रकाना कामाला येतो. कूपरचं मी लगेच मानतो. तो एफबीआयचा माणूस आहे, स्वतःच्या टेपवर बोलतोय, त्याला खोटं बोलायचं कारण नाही. उलट ‘द प्रिझनर’ घ्या. नायकाला ‘व्हिलेज’ नावाच्या गावात डांबून ठेवलंय, आणि तिथे नादिया नावाची बाई त्याला सांगते की हे गाव लिथुआनियात, बाल्टिकच्या किनाऱ्यावर, पोलंडच्या सीमेपासून तीस मैलांवर आहे. माहिती इतकी नेमकी की शंका यावी. शेवटी ती डांबणाऱ्यांचीच हस्तक निघते. दोघं पळून लंडनला पोचले असं भासवलं जातं, आणि नायकाला डाव कळतो तो घड्याळामुळे. पोलंडमधल्या माणसाकडून मिळालेलं घड्याळ लंडनच्या वेळेपेक्षा तासभर पुढे असायला हवं. ते बिग बेनच्या ठोक्यांशी बरोबर जुळतं. म्हणजे हे लंडनच नाही, आपण व्हिलेजमधून हललोच नाही. वेळेतला फरक ही अशी खूण आहे जी लेखकाला मुद्दाम पेरावी लागते, म्हणून फोनवरची संभाषणं आणि भिंतीवरची घड्याळं जरूर टिपा.

४. टिंब नको, पट्टा काढा

‘लॉस्ट’मधलं विमान सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं असतं. त्याचा वैमानिक (पायलट) मरण्यापूर्वी सांगतो की सहा तासांनी रेडिओ बंद पडला, आम्ही फिजीकडे वळलो आणि हादरे बसेपर्यंत मार्गापासून हजार मैल भरकटलो होतो. यावरून अनेकांनी फिजीभोवती हजार मैलांचं वर्तुळ काढलं. चूक! हजार मैल हे ठरलेल्या मार्गापासूनचं अंतर आहे, फिजीपासूनचं नव्हे.

सिडनी ते लॉस एंजेलिस अंतर सुमारे १२,००० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगानं सहा तासांत ५,४०० किलोमीटर होतात. तिथून फिजी दोन हजार किलोमीटरहून जास्त मागे राहतं. वळल्यावर विमान किती वेळ उडालं ते पायलट सांगत नाही. तेव्हा वळण्याची जागा आणि फिजी यांना जोडणारी रेघ मारा, आणि भरकटणं कुठल्याही बाजूला झालेलं असू शकतं म्हणून दोन्हीकडे १,६०० किलोमीटर सोडा. पट्टा भरतो सुमारे ७० लाख चौरस किलोमीटरचा. निराशाजनक वाटेल, पण पायलटच्या वाक्यातून इतकंच निघतं.

५. न जुळणाऱ्या खुणा फेकू नका

त्याच मालिकेत बेटावरून होडीनं पळून जाऊ पाहणारा डेस्मंड म्हणतो की तो नऊ नॉटच्या वेगानं, सरळ पश्चिमेला, अडीच आठवडे होडी हाकत होता. फिजी आठवड्याच्या आत यायला हवं होतं. पहिली जमीन दिसली ती पुन्हा हेच बेट. नऊ नॉट म्हणजे दिवसाला ४०० किलोमीटर, एकूण ७,००० च्या आसपास. पायलटच्या पट्ट्यात हे कुठेच बसत नाही. अशा वेळी लोक म्हणतात, डेस्मंड दारूच्या नशेत होता. होता, पण आकडा लेखकानं लिहिला आहे, आणि तो मुद्दाम अशक्य ठेवला आहे. बेट साध्या भूगोलात नाही, हे इथेच कळायला हवं होतं. पुढे चौथ्या सीझनच्या अखेरीला बेट डोळ्यांदेखत नाहीसं होतं, आणि पाचव्यात कळतं की ते सतत सरकतच असतं.

६. थिअरी मांडताना ती मोडेल कशानं तेही लिहा

एक ओळ पुरते: ‘अमुक दिसलं तर माझं म्हणणं खोटं.’ ही ओळ लिहिता आली नाही तर थिअरी नाहीच.

‘द प्रिझनर’वर हे करून पाहा. एका भागात नायक तराफ्यानं इंग्लंडला पोचतो, प्रवासाचे दिवस, वारे आणि प्रवाह यांचा हिशेब मांडून व्हिलेज मोरोक्कोच्या किनाऱ्याच्या बाजूला ठरवतो आणि विमानातून ते प्रत्यक्ष पाहतोही. शेवटच्या भागात मात्र तो ट्रकमधून निघतो आणि थेट लंडनकडे जाणाऱ्या ए-२० रस्त्यावर येतो. (चित्रीकरणाची जागा, वेल्समधलं पोर्टमेरियन, तीही याच भागाच्या श्रेयनामावलीत जाहीर झाली.) दोन्ही खुणा दुसऱ्या पायरीतून पार होतात आणि एकमेकींशी भांडतात. तडजोड म्हणून ‘व्हिलेज दोन आहेत’ असं सांगणारे भेटतील. त्यांना मोडणारी ओळ विचारा. दोन पटलं नाही तर ते तीन म्हणतील, मग चार. मी माझ्या तक्त्यात मोरोक्को आणि ए-२० दोन्ही ठेवले आहेत, मध्ये प्रश्नचिन्ह टाकून.