झटपट तिखट नूडल्स, गचका न होता

नूडल्सचा गचका होतो ना, तो बहुतेक वेळा उकडतानाच होतो. पाकिटावर जेवढी वेळ लिहिलीय त्याच्या एक मिनिट आधीच गॅस बंद करा, एक नूडल तोडून बघा, मधे बारीकसा पांढरा ठिपका दिसला की झालं. लगेच चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धरा, म्हणजे शिजणं तिथंच थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च पण निघून जातो, मग चमचाभर तेल चोळून ठेवा.

भाज्या आधीच उभ्या पातळ चिरून घ्या, कोबी, गाजर, सिमला मिरची, कारण एकदा कढई तापली की चिरत बसायला वेळच मिळत नाही.

सॉस वाटीतच कालवायचा. दोघांसाठी २ चमचे सोया सॉस, १ चमचा व्हिनेगर, २ चमचे लाल मिरचीची पेस्ट, चिमूटभर साखर. मीठ आत्ता नको, सोया सॉस खारटच असतो.

आता गॅस फुल. लोखंडी कढई असेल तर फारच छान, धूर दिसायला लागला की तेल, लसूण, आलं, लसूण नुसता कडेनं सोनेरी झाला की भाज्या टाका आणि दीड-दोन मिनिटं सतत हलवा, कुरकुरीत राहिल्या पाहिजेत. झाकण अजिबात ठेवू नका, वाफ धरली की भाज्या पाणी सोडतात आणि सगळी मजा जाते. मग नूडल्स, सॉस कढईच्या कडेनं सोडा, चर्र आवाज आला पाहिजे, दोन चमच्यांनी खालून वर उचलत मिनिटभर परता. वरून पातीचा कांदा, आणि गरम असतानाच खा.