वावरातलं आणि मैदानातलं काम एकाच वहीत: मागे पडलेला बेसबॉलचा पिचर कसा उभा करावा

खेड्यातला पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, हातात दम नाही म्हणून क्वचितच मागे पडतो. त्याच्या खांद्यावरचं ओझं दोन ठिकाणचं असतं आणि दोन्हीकडची माणसं फक्त आपल्या बाजूचं मोजतात. वडिलांना दिसतं की पोरगं खेळायला पळतं. पीटीच्या सरांना दिसतं की पोरगं दांड्या मारतं. रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन सकाळी मैदानात उभ्या राहिलेल्या पोराचा चेंडू भरकटला, तर त्याला आळशी ठरवून टाकतात. म्हणून या कामाची सुरुवात ग्लोव्हपासून करू नका, एका दोनशे पानी वहीपासून करा.

वहीत रोज पाच गोष्टी लिहायच्या: किती तास झोप झाली, वावरात कोणतं काम किती वेळ केलं, पूर्ण जोराने किती चेंडू टाकले, खांदा-कोपर कसं वाटतं, आणि जेवणात काय होतं. लिहायचं पोराने, रोज नजर टाकायची सरांनी. "खांदा कसा आहे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काई नाई सर, बरोबर हाये." त्यापेक्षा "काल वावरात काय केलं?" असं विचारा, खरं कळतं.

कामानुसार सराव असा बदलायचा. रात्री पाणी द्यायची पाळी असेल, तर दुसऱ्या दिवशी पिचिंग बंद. फक्त पायांची हालचाल आणि हलके झेल. कापूस वेचल्याच्या दिवशी आधी बोटं बघा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवर बारीक चिरा पडतात, आणि चेंडू सोडताना शिवणीवर दाब नेमका तिथेच येतो. दुखतं म्हणून पोरगं नकळत पकड सैल करतं आणि चेंडू वर जातो. सर मग खांदा दुरुस्त करत बसतात, दोष मात्र बोटात असतो. रात्री खोबरेल लावून सकाळी हात कोरडे करायचे. चीर ताजी असेल तर त्या दिवशी टाकायचं नाही. पट्टी गुंडाळून टाकलेल्या चेंडूने पकड बिघडते आणि ती सवय लवकर सुटत नाही.

फवारणीचं वेगळं सांगावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलाने फवारणी करूच नये, यात तडजोड नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, हे आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. पाठीवर सोळा लिटरचा पंप म्हणजे खांद्यावर पट्ट्यांचा दाब, आणि एक हात दांड्यावर सतत वरखाली. पोराने हे केल्याचं वहीत दिसलं तर सराव रद्द करून त्या संध्याकाळी घरी जा.

आता चेंडूंची मोजदाद. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी ठरवलेल्या मर्यादा शाळेसाठी जशाच्या तशा घ्याव्यात. एका दिवसात ११-१२ वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त ८५ पिच (फलंदाजाकडे टाकलेला एक चेंडू म्हणजे एक पिच), १३ ते १६ पर्यंत ९५, १७-१८ ला १०५. विश्रांतीचा हिशोब त्याहून महत्त्वाचा. चौदा वर्षांपर्यंत २० पिचपर्यंत सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, त्यापुढे चार दिवस. १५-१६ वर्षांसाठी हेच टप्पे ३०, ४५, ६० आणि ७५ असे आहेत. वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद ठेवावं, त्यातले दोन-तीन सलग. आपल्याकडे हे जमवायला सोपं आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि जूनमध्ये पेरणीची घाई असते. तेव्हा हाताला सुट्टी द्या. हे आकडे ताज्यातवान्या पोरांसाठी आहेत. वावरात दिवसभर राबलेल्याला निम्मेच द्यावेत.

हात ओळखणे आणि चूक शोधणे

पिचर शोधायला बेसबॉल येणारं पोरगं लागत नाही. २००८ साली एका स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे मूळचे भालाफेकपटू. त्याआधी दोघेही बेसबॉल खेळलेले नव्हते. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने त्यांना करारबद्ध केलं. तेव्हा शाळेच्या भालाफेकीत तिसरा-चौथा येणारा, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टीत फेकणारा, असे हात बघा.

भिंतीवर कोळशाने चौकट काढा. रुंदी ४३ सेंटिमीटर, कारण फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो ती होम प्लेट तेवढीच असते. खालची रेघ गुडघ्याजवळ, वरची छातीच्या मध्याजवळ. बारा मीटरवरून दहा चेंडू टाकायला लावा. किती आत गेले ते नंतर मोजा, आधी चुकलेले कुठे गेले ते पाहा. वर जात असतील तर चेंडू लवकर सुटतोय. खाली आपटत असतील तर उशिरा. उजव्या हाताच्या पोराचा चेंडू वर आणि त्याच्या उजवीकडे जात असेल, तर पुढचा खांदा आधीच उघडतोय आणि हात मागे राहतोय. सगळे चेंडू एकाच बाजूला चुकवणारं पोरगं लवकर सुधारतं. दहा चेंडू दहा दिशांना टाकणाऱ्यावर वेळ जास्त लागतो, पण वही उघडून बघा, बहुतेक वेळा त्याची झोप झालेली नसते.

शिकवण्याचा क्रम साधा ठेवा. पहिली पकड चार शिवणींची: दोन बोटं घोड्याच्या नालेसारख्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली, तळहात आणि चेंडूत बोटभर फट. मग पुढचा पाय सावकाश वर. पाऊल सरळ प्लेटच्या दिशेने, साधारण स्वतःच्या उंचीच्या ८० टक्के लांब. पाय टेकतो तेव्हा कोपर खांद्याच्या उंचीला. कोपर खाली राहिलं की ताण कोपराच्या आतल्या बाजूला जातो. दुसरा चेंडू चेंजअपचा, म्हणजे हात तसाच फिरवून मुद्दाम संथ टाकलेला. वळणाऱ्या कर्व्हबॉलची घाई नको, दाढी-मिशी फुटेपर्यंत थांबा. वाढीच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून कच्चं असतं. तिथे दुखतंय म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. स्प्रे मारून, चोळून पुढे खेळवलं तर वर्ष वाया जातं, कधी हातच जातो. अशा दुखण्याला हाडांचे डॉक्टर दाखवायचे, गावातला मालीशवाला नाही.

खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कमरेला चिकटवून, मध्ये घडी केलेला टॉवेल ठेवून, हात बाहेर ओढायचा. पंधराच्या दोन खेपा, आठवड्यातून तीनदा. टॉवेल पडला म्हणजे पोरगं खांद्याऐवजी पाठीने ओढतंय.

चेंडू आणि माउंड

बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा लेदर बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. हा फरक हातात जाणवत नाही, कोपराला जाणवतो. म्हणून लेदर बॉलवर झेल-फेक चालेल, जोराचं पिचिंग नाही. पावसात भिजलेला बेसबॉल पाणी पिऊन जड होतो, तोही बाजूला ठेवा आणि सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवला तर कातडं ताठ होऊन शिवण उसवते.

काळ्या मातीत माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, टिकत नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. वीतभर खोदून ती माती काढा, मुरूम भरून पाणी मारून ठोका, वर चिकणमातीचा थर द्या. नियमाप्रमाणे उंची १० इंच. रबराच्या (माउंडवरच्या पाय टेकवायच्या पट्टीच्या) पुढे ६ इंच सोडून उतार सुरू होतो, दर फुटाला १ इंच. रबरापासून प्लेटपर्यंत पूर्ण अंतर १८.४४ मीटर, पण बारा वर्षांच्या आतल्यांना १४ मीटरवरूनच टाकू द्या. सगळ्यात आधी खड्डा पडतो तो पुढचा पाय टेकतो तिथे. तिथे वीटभट्टीवरून आणलेल्या न भाजलेल्या कच्च्या विटा ओल्या करून ठोकून बसवा आणि सरावानंतर थोडं पाणी मारून गोणपाट टाका. खड्ड्यात पाय पडला की गुडघा वळतो आणि पोरगं नकळत पाऊल आखडतं. मग चेंडू वर जातो आणि पुन्हा खांद्यालाच दोष.

घरचं ओझं

घरच्यांशी बोलायची वेळ पेरणीआधीची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वडिलांकडे गेलात तर नकारच मिळेल, आणि ते चुकीचंही नाही. सोयाबीनची कापणी आणि शालेय स्पर्धा बऱ्याचदा एकमेकांवर येतात. ओसरीवर बसून आठवड्यातले ठरलेले तीन दिवस मागा. रोज मागू नका. त्या तीन दिवसांच्या बदल्यात बाकी दिवस पोरगं कामात कमी पडणार नाही, हे पोराने स्वतः सांगावं. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यांची माहिती द्या, पण नोकरीचं वचन देऊ नका. त्या वर्षीचा शासन निर्णय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आणून वडिलांना वाचून दाखवा.

घरात कर्ज, दारू किंवा बाप गेल्याचं दुःख असेल तर ते मैदानावर कोणासमोर काढायचं नाही. पाहुण्यांना पोराची ओळख "आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचा मुलगा" अशी करून देणं ताबडतोब बंद करा. त्याची ओळख पिचर. तीन-चार दिवस वही कोरी, डबा न खाणं, स्वतःचा ग्लोव्ह दुसऱ्याला देऊन टाकणं, ही लक्षणं दिसली तर एकांतात थेट विचारा. मरणाची भाषा ऐकली तर पोराला एकटं सोडू नका, घरच्यांना सोबत घेऊन दवाखान्यात न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शरीरात व्यंग असलेल्या पोराला पिचिंगपासून लांब ठेवू नका. अमेरिकन पिचर मॉर्डेकाय ब्राउनची तर्जनी लहानपणी शेतावरच्या कडबा कापायच्या यंत्रात गेली. उरलेल्या वाकड्या बोटांमुळे त्याचा चेंडू प्लेटजवळ जास्तच बुडायचा. १९४९ साली त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत, आलं. दुसरा अमेरिकन पिचर जिम ॲबट जन्मापासून उजव्या हाताच्या पंजाविना. डाव्याने चेंडू टाकायचा आणि लगेच त्याच हातात ग्लोव्ह घालायचा. ४ सप्टेंबर १९९३ ला यांकीज संघाकडून खेळताना त्याने क्लीव्हलँडच्या संघाला एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) दिला नाही. कडबाकुट्टीत बोट गेलेलं पोरगं आपल्याही गावात असतं. त्याला नवी पकड शोधायला महिनाभर द्या आणि चेंडू कुठे वळतो ते शांतपणे बघा.

सामन्याच्या दिवशी

लागोपाठ दोन वॉक गेले (चार चेंडू चौकटीबाहेर पडले की फलंदाजाला फुकट बेस मिळतो, तो वॉक) की मागे पडलेलं पोरगं घाई करतं. पाय भरभर उचलतं, अंग पुढे जातं, हात मागे राहतो, चेंडू डोक्यावरून. बाहेरून "स्ट्राइक टाक!" (चौकटीत टाक) असं ओरडून काही होत नाही, ते त्यालाही कळतं. सरावातच सवय लावा: रबरावरून मागे उतरायचं, तोंडाने लांब श्वास सोडायचा, कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हवर नजर, पुढचा पाय मुद्दाम सावकाश. कॅचरला एकच वाक्य द्या, "पाय हळू."

सकाळी ज्वारीची भाकर आणि दाट वरण किंवा अंडी, सामन्याच्या दोन-अडीच तास आधी. सोबत भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. उन्हात नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली द्या.

जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि फोटो यांची फाईल आदल्या महिन्यातच लावा. आधारावरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची जुळत नसेल तर पोरगं मैदानात उतरण्याआधीच बाद होतं, आणि ती दुरुस्ती एका दिवसात होत नाही. परतीच्या एसटीत पिचची संख्या वहीत लिहून घ्या आणि किती दिवस विश्रांती हे तिथेच ठरवा. त्या दिवसांत वावरात कोणतं काम आहे तेही लगेच विचारून घ्या.