युरोपियन युनियनवर वाद घालायचाय? मग मासोळीपासून सुरू करा

आमच्या अभ्यासिकेतली सहा-सात पोरं दर रविवारी तर्री-पोहे हाणून झाले की गच्चीवर बसतात अन् एखाद्या विषयावर भांडतात, मुलाखतीची प्रॅक्टिस म्हणून. मागे विषय होता, युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे युरोपातल्या २७ देशांच्या गटात, राहणं म्हणजे देशानं आपलं सार्वभौमत्व गहाण टाकणं आहे का. एक जण पूर्ण वेळ "आपल्या घरात दुसऱ्याचं काहून ऐकायचं बे" एवढंच बोलून राहिला होता, दुसरा "जग जवळ येऊन राहिलं अन् इंग्लंड मागं जाऊन राहिलं" यावर अडून, अन् अर्ध्या तासानं दोघंही जिथल्या तिथंच. मॉडरेटर मी होतो, काही कंट्रोल झालं नाही. मग पुढचे दोन आठवडे वाचून जे जमवलं ते लिहून ठेवतो, कोणाला हा वाद घालायचा किंवा घालून घ्यायचा असेल तं कामात येईल.

पहिलं म्हणजे पहिले दहा मिनिटं "सार्वभौमत्व" हा शब्दच बंद करा. खरंच बंद, जो बोलला त्यानं चहा पाजायचा. त्या शब्दात इतकं काही कोंबलेलं असते की प्रत्येक जण वेगळीच गोष्ट बोलत असतो. त्याऐवजी एक ठोस वस्तू घ्या. मी मासोळी घेतो.

तर किस्सा असा. युरोपात मासेमारीचा कोटा देशावार ठरलेला. स्पेनच्या काही मालकांनी ब्रिटनमध्ये कंपन्या काढल्या, बोटींची नोंदणी ब्रिटनची केली अन् ब्रिटनच्या कोट्यातूनच मासे पकडायला लागले. चिडून ब्रिटिश पार्लमेंटनं १९८८ मध्ये कायदा केला की बोटीचे मालक ब्रिटिशच पाहिजे. स्पेनवाले कोर्टात गेले, प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत पोहोचलं, अन् १९९० मध्ये खुद्द ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायपीठानं, म्हणजे तेव्हाच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, पार्लमेंटचा तो कायदा रोखून धरला. फॅक्टरटेम केस म्हणतात याला. आता गंमत ही की दोन्ही पार्ट्यांना ही केस वापरता येते. युनियन सोडा म्हणणारा म्हणेल, पाहा, निवडून दिलेल्या पार्लमेंटचा कायदा बाहेरच्यांच्या नियमापुढं टिकला नाही. राहा म्हणणारा म्हणेल, अरे पण युरोपचा नियम वर राहील हे त्याच पार्लमेंटनं १९७२ च्या कायद्यानं मान्य केलं होतं, अन् मनात आलं तेव्हा तोच कायदा रद्दही केला की नाही? दोघंही खरं बोलून राहिले. इथून वाद सुरू झाला पाहिजे.

मग त्या वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारायचे: नियम कोण बनवते, त्यात आपलं मत किती, अन् नाही पटलं तं बाहेर पडता येते का. युनियनमध्ये बऱ्याच विषयांवर २७ पैकी किमान १५ देश अन् त्यांच्यात ६५ टक्के लोकसंख्या असली की निर्णय पास होते, म्हणजे तुमचा देश हरू शकते. पण टॅक्स, परराष्ट्र धोरण असल्या विषयांत एकमत लागते, तिथं एकटा हंगेरीसुद्धा सगळ्यांना लटकवून ठेवू शकते. अन् बाहेर पडायला लिस्बन कराराचं कलम ५० आहे, जे ब्रिटननं मार्च २०१७ मध्ये वापरलं अन् ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला.

तिसरा प्रश्न झाला की लगेच नॉर्वे काढा, यानं भलेभले अडकतात. नॉर्वेच्या जनतेनं युनियनमध्ये जायला १९७२ मध्ये नाही म्हटलं, १९९४ मध्ये परत नाही म्हटलं. पण बाजार पाहिजे होता, म्हणून दुसऱ्या मतदानाआधीच युनियनशी वेगळा करार केलेला होता अन् आता युनियनच्या बाजाराचे नियम पाळते, पैसे भरते, अन् ते नियम बनतात तेव्हा मत मात्र नाही. तरी मासेमारी अन् शेती त्यांनी करारातून बाहेर ठेवली. माझं मत विचाराल तं नॉर्वे पक्का सार्वभौम आहे, फक्त मासोळी वाचवायला त्यानं मत विकलं, अन् तो सौदा त्याला परवडतो. तुम्हाला नसेल पटत तं नका मानू.

आकड्यांचं जास्त ताणू नका. २०१६ ला ब्रिटनच्या सार्वमतात ५१.९ टक्के सोडा अन् ४८.१ राहा, हे सगळ्यांना पाठ असते, पण तिथल्याच १९७५ च्या मतदानात ६७ टक्के लोकांनी राहा म्हटलं होतं हे कोणी सांगत नाही, अन् २०१६ मध्येच स्कॉटलंडचे ६२ टक्के लोक राहा म्हणत होते हेही नाही. "जनतेचं म्हणणं" कोणी बोललं की विचारा, कोणत्या साली अन् कोणती जनता. सोडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवरचा, ब्रिटन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देते हा आकडा तं वापरूच नका, ब्रिटनला त्या रकमेत मिळणारी सूट त्यात वजाच केलेली नव्हती. हमखास होणाऱ्या दोन चुका पण सांगून ठेवतो. ब्रिटननं युरो सोडला म्हणू नका, त्यानं तो कधी घेतलाच नव्हता. अन् स्ट्रासबर्गचं मानवाधिकार कोर्ट युनियनचं नाही, ब्रेक्झिटनंतरही, म्हणजे युनियन सोडल्यावरही, ब्रिटन त्यातच आहे.

आता नागपुरात हा वाद म्हटला की विसाव्या मिनिटाला कोणीतरी विदर्भ काढतेच. थांबवू नका, थांबत पण नाही. १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये फाझल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची केलेली शिफारस, १९६० चा महाराष्ट्र, हिवाळी अधिवेशन, सगळं येऊ द्या. फक्त फरक सांगायचा. राज्य म्हणजे देश नाही. नवीन राज्य करायचं की नाही हे कलम ३ नुसार संसद ठरवते, अन् भारतातून फुटून निघायचा हक्क कोणत्याच राज्याला नाही, बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हे स्वच्छ सांगितलं. युनियनच्या देशाकडं दाराची चावी आहे, आपल्या राज्याकडं नाही. हा एक मुद्दा कळला की अर्धा गोंधळ मिटते.

त्यापेक्षा आपल्याकडचं जवळचं उदाहरण पाहिजे तं जीएसटी घ्या. २०१७ पासून साबणावर किती टॅक्स लावायचा हे महाराष्ट्र एकटा ठरवत नाही, केंद्र अन् राज्यांच्या जीएसटी कौन्सिलमध्ये ठरते. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, अन् पास व्हायला तीन चतुर्थांश लागते. हिशोब करून पाहा, केंद्र एकटं अडवू शकते, एकटं राज्य नाही. पण पेट्रोल अन् दारूवरचा टॅक्स राज्यांनी हातचा सोडला नाही! ती आपल्या राज्यांची मासोळी.

शेवटची ट्रिक म्हणजे अर्ध्या वेळेत बाजू बदलायच्या. सांगून नाही, अचानक. आमच्या "काहून ऐकायचं" वाल्याला युनियनची बाजू दिली तं तो पाच मिनिटं गप्पच बसला, मग हळूच बोलला की भौ, एकट्यानं चीनशी सौदा करण्यापेक्षा सत्तावीस जणांनी मिळून केला तं भाव जास्त मिळते ना. दुसरा मात्र सोडा म्हणणाऱ्यांची बाजू घेतल्यावर इतका रंगात आला की त्याला थांबवताना नाकीनऊ आले.

पुढच्या रविवारी सार्क, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, घेऊन राहिलो. तिथं उलटं आहे, सगळे निर्णय एकमतानं अन् दोन देशांचे आपसातले तंटे काढायचेच नाही असं सनदेतच लिहिलेलं, अन् शेवटचं शिखर संमेलन २०१४ ला काठमांडूत झालं. यात मासोळी कोणती घ्यायची ते अजून सुचलं नाही.