सी. एलेगन्सच्या आयुर्मान चाचणीत पुढची पिढी कशी रोखावी

२० अंश सेल्सिअसला एक उभयलिंगी सी. एलेगन्स (प्रयोगशाळेत वापरला जाणारा इवलासा कृमी) प्रौढ झाल्यावर चार-पाच दिवसांत साधारण ३०० अंडी घालतो. अंड्यापासून प्रौढ व्हायला जेमतेम तीन दिवस लागतात. आयुर्मान मोजायला मात्र तीन-चार आठवडे हवेत. काही केलं नाही, तर आठवड्याच्या आत प्लेटवर म्हातारा कोण आणि त्याचं पोर कोण हे कळेनासं होतं, शिवाय खाद्य म्हणून दिलेले जिवाणू संपून सगळेच उपाशी पडतात.

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे एफयूडीआर (फ्लुओरोडीऑक्सियुरिडिन). हे औषध थायमिडिलेट सिंथेज हे विकर अडवून नवा डीएनए बनणं थांबवतं. प्रौढ कृमीच्या शरीरपेशींचं विभाजन आधीच संपलेलं असतं, त्यामुळे तो जगतो. अंड्यातला गर्भ विभाजनावरच अवलंबून, म्हणून अंडी फुटत नाहीत.

एफयूडीआरची २४.६ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवली की १०० मिलिमोलर द्रावण होतं. ते गाळून, लहान भाग करून उणे २० अंशांना ठेवा. एनजीएम अगार (कृमी वाढवण्याचं माध्यम) ५५ अंशांपर्यंत उतरला की लिटरमागे ०.५ मिलिलिटर घाला. म्हणजे ५० मायक्रोमोलर. या प्लेटवर ओपी५० (कृमींचं खाद्य असलेला ई. कोलायचा वाण) नीट वाढत नाही, म्हणून रात्रभर वाढवलेले जिवाणू सेंट्रिफ्यूज करून दहापट दाट करूनच पसरा. हे पेशींना मारक औषध आहे: हातमोजे घाला, कचरा वेगळा ठेवा.

खरी चूक होते ती वेळेत. १०-१५ प्रौढांना तीन-चार तास अंडी घालू द्या आणि उचलून टाका. साधारण दोन दिवसांनी पिल्लं एल४ (अळीची चौथी, शेवटची) अवस्थेत येतात. पोटाच्या मध्यावर फिकट अर्धचंद्र दिसतो. एल४च्या शेवटी किंवा नुकतेच प्रौढ झाल्यावर औषधी प्लेटवर हलवा. त्याआधी औषध दिलं तर जननग्रंथी आणि योनीची वाढच बिघडते. उशीर केला तर तयार अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी ताज्या औषधी प्लेटवर पुन्हा हलवलं की सुरुवातीची अंडी मागे राहतात.

एफयूडीआर निरुपद्रवी समजू नका. गॅस-१ आणि टब-१ या उत्परिवर्ती वाणांचं आयुष्य या औषधानेच लांबतं. नियंत्रण गटालाही तितकंच औषध द्याच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण औषधाचा परिणाम दोन वाणांवर सारखा होईलच असं नाही. म्हणून मुख्य निष्कर्ष एकदा तरी औषधाविना पडताळा: अंडी घालणं थांबेपर्यंत रोज, मग दर दोन-तीन दिवसांनी प्लॅटिनमच्या तारेने हलवत. कष्टाचं काम आहे, तरी सर्वांत विश्वासार्ह हेच.

औषधाऐवजी वांझ वाणही वापरता येतात. फेर-१५;फेम-१ हा दुहेरी उत्परिवर्ती वाण २५ अंशांना वाढवला की वांझ निघतो; साठा १५ अंशांना राखा. ग्लप-१ मात्र वांझपणाच्या सोयीसाठी घेऊ नका: जननपेशीच नसल्याने तो मुळातच जास्त जगतो. शुक्रपेशी बनायला लागणाऱ्या स्पे-४४ प्रथिनाला डिग्रॉन (ऑक्सिन हे रसायन मिळताच प्रथिन नष्ट करवणारा तुकडा) जोडलेल्या वाणात ऑक्सिन देऊन शुक्रपेशी अडवता येतात. तिथे नियंत्रणालाही ऑक्सिन हवंच.

पोटातच पिल्लं फुटून मेलेले, योनीतून आतडं बाहेर आलेले आणि प्लेटच्या भिंतीवर वाळलेले कृमी मृत्यूंत मोजू नका. ज्या दिवशी दिसले त्या दिवशी ‘सेन्सॉर्ड’ (त्या दिवसापर्यंत जिवंत, पुढचं माहीत नाही) म्हणून नोंदवा.