जुनी पिकअप: सामान आणण्याआधी जोड तपासा

माझ्याकडे २००८ची बोलेरो पिकअप आहे. २५२३ सीसीचं डीआय इंजिन, मेकॅनिकल पंप, हौद्यात टोमॅटोचे क्रेट. ओतूरहून नारायणगाव मार्केट, आणि भाव बरा असला की रात्री माळशेज उतरून कल्याण. एवढंच तिचं जग, पण त्यात चढ, उतार, धुकं, चिखल सगळं येतं.

सेल्फ दमतो म्हणून नवी बॅटरी, लाइट मंद म्हणून नवे बल्ब, इंजिन मधेच मरतं म्हणून पंप खोलायला दिला, असे पिकअपवाले आमच्याकडे गावागावात सापडतील. पैसे जातात, दुखणं तसंच राहतं. जुन्या गाडीत मी आधी जोड बघतो. वायर पत्र्याला जिथे टेकते, रबरी पाइप नळीवर जिथे चढतो, मागच्या स्प्रिंगचे पाटे ॲक्सलला जिथे आवळले जातात, तिथे. गंज, ढिलाई आणि हवा या तिघांना शिरायला जागा तिथेच मिळते.

हत्यारं फार लागत नाहीत. दहा ते एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, पक्कड, ग्रीस गन, पॉलिश पेपर, साधा मल्टिमीटर आणि बारा व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. जॅक आहेच, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावा, नाहीतर जाड लाकडी ठोकळे, आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून ओट, म्हणजे चाक सरकू नये म्हणून टेकवलेला दगड किंवा ठोकळा.

बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. इथे आकडे बरोबर आले आणि तरी सेल्फ रडत फिरत असेल, तर बॅटरीला बोल लावू नका. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा (खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिनच्या ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की समजायचं, तेवढा दाब अर्थच्या वाटेत, म्हणजे लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येणाऱ्या करंटच्या वाटेत, खर्च होतोय. सेल्फपर्यंत तो पोचतच नाही.

दुरुस्ती सोपी आहे. आधी निगेटिव्ह सोडवा, जोडताना तो शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला लागला तर ठिणगी अशी उडते की पाना चिकटून बसतो. खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ द्यायचं नाही. क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन फासा. आवळण्याआधी नको. इंजिन ते चेसिस अशी जी अर्थची पट्टी असते ती दोन्हीकडून खोला, खालचा रंग आणि गंज लोखंड दिसेपर्यंत खरवडा. पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटत असतील तर २५ चौरस मिलिमीटरची केबल आणा आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या) लावून घ्या. तार बोल्टला नुसती गुंडाळली की चार पावसाळी फेऱ्यांत पुन्हा तेच.

लाइट: यावर थोडा वेळ घालवाच

पुतण्या माझ्यामागे लागला होता, "काका, बंपरवर एलईडी बार टाकू, घाट दिवसासारखा दिसेल." दिसेल, आपल्याला. समोरून चढणाऱ्या ट्रकवाल्याला काहीच दिसणार नाही, आणि माळशेजच्या धुक्यात तोच उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला तरी तीच तऱ्हा, कारण तो आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. १००/९० वॅटचे बल्बही नकोत, होल्डर वितळतो.

खरा उजेड कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बमध्येच दडलेला असतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून फिरून येतो. दोन्ही अप्पर मिळून सुमारे दहा अँपिअर. स्विचचे पॉइंट जळके झालेले, कनेक्टर काळे पडलेले, त्यामुळे बल्बपाशी व्होल्टेज कमी पोचतं. हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. लाइट चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या सप्लायच्या पिनपर्यंत मीटर लावा, किती व्होल्ट वाटेत हरवतात ते समोर येईल.

यावर इलाज रिले, म्हणजे थोड्या करंटने जड करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, वाटेत २० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून तसलीच वायर दोन्ही दिव्यांना. ८६ ला दिव्याकडे येणारी जुनी स्विचची वायर, आणि ८५ अर्थला. आता स्विचला फक्त रिले ओढण्यापुरतं काम उरतं, जड करंट सरळ बॅटरीतून जातो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. लांब लावला तर बॅटरी आणि फ्यूजमधली वायर घासून पत्र्याला लागली की तिला अडवणारं कुणी नाही.

काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह न तोडता अर्थ तोडतो. म्हणून कापाकापी करण्याआधी टेस्ट लॅम्प लावून बघा. लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं दिव्याच्या कनेक्टरच्या पिनांना. लाइट बंद असतानाही एखाद्या पिनेवर लॅम्प पेटत असेल तर वरची जोडणी तशीच्या तशी चालणार नाही. तिथे वायरमनला बोलवा. दिव्यांचे अर्थ मात्र कुठल्याही गाडीत खरवडून घ्या.

रिले गाडीच्या पुढच्या जाळीमागे लावू नका, पाणी उडतं. बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर, पाय खाली तोंड करून.

मग फोकस. हे काम बहुतेक जण रिकाम्या गाडीवर करतात. हौद्यात माल पडला की मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे वर बघायला लागतात. नेहमीचा माल भरलेला असताना, सपाट जागी, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मधोमध जमिनीपासून जेवढी उंची भरते, तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सात-आठ सेंटीमीटर खाली यायला हवी.

डिझेल आणि हवा

पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू अधूनमधून सैल करून पाणी काढून टाका. खाली काचेचा पेला धरला की पाणी तळाला वेगळं दिसतं, नुसतं डिझेल यायला लागलं की बंद.

गाडी सकाळी उशिरा सुरू होते, चढाला मधेच दम टाकते, आणि खाली डिझेलचा एक थेंबही दिसत नाही, हे दुखणं फसवं आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. म्हणून ओल शोधत बसू नका. त्या वाटेत थोडा वेळ पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा बसवा आणि इंजिन चालू ठेवा. बुडबुडे दिसले तर त्या तुकड्याच्या टाकीकडच्या बाजूचे जोड एकेक करून बघत जा. रबरी पाइपचं टोक कडक, तडकलेलं असेल तर दोन बोटं कापून पुन्हा चढवलं तरी कधी कधी भागतं. पाइप वाकवल्यावर अंगावर बारीक भेगा दिसल्या तर सगळाच बदला. बोल्टखालचे तांब्याचे वायसर मात्र खोलले की नवेच टाकायचे, ते दहा-वीस रुपयांत येतात.

हवा काढायची रीत: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळा. हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्यांना पाना लावायचा नाही. त्यात हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून आत घुसते.

पाटे आणि क्रॉस

खड्ड्यात मागून "खट्" असा एकेरी आवाज आला की आधी यू बोल्ट बघतो. पाट्यांची थप्पी आणि ॲक्सल यांना बांधून ठेवणारे तेच. नटापाशी गंजाची लाल भुकटी किंवा पाट्यावर चकाकणारी घासलेली रेघ दिसली तर सरकत आहेत. ते सैल राहिले की मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल तिरका होतो. आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, चारही नट आलटून पालटून, आणि शेवटचा ताण गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने. नवीन यू बोल्ट घातले असतील तर दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुन्हा आवळून घ्या. एकदा काढलेला जुना यू बोल्ट परत चढवू नका, त्याचे आटे ताणलेले असतात.

जादा पाटा टाकावा का? हे हमखास विचारलं जातं. माझं उत्तर नाही असं आहे. आरसीवर लिहिलेलं वजन पाटा टाकून वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तेच. शिवाय मागच्या ब्रेकच्या वाटेत लोड ओळखणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो गाडी किती बसली यावरून वजन ताडतो. जादा पाट्याने गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि भरल्या गाडीच्या मागच्या चाकांना तो ब्रेकचा दाब कमी देतो. माळशेजच्या उतारावर हे नको. पाटे चपटे झाले असतील तर पाटेवाल्याकडून कमान पुन्हा काढून घ्या, किंवा मूळ जाडीचे नवे बसवा. बुशही त्याच वेळी.

गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याचा वळता सांधा म्हणजे क्रॉस. या क्रॉसला ग्रीस मारताना चारही टोकांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. एखाद्या टोकातून येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा मारा. निपलच तुंबलेला असेल तर काढून डिझेलमध्ये भिजवा. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना खालून "टक" ऐकू आलं, तर चाकांना ओट लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्येच खेळ जाणवला तर ग्रीसने तो जाणार नाही.

ब्रेकमध्ये घरी फक्त एवढंच करा: ऑइलची पातळी बघा, आणि डब्यावर लिहिलेलं असतं तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि लांब उतारावर तापलं की आत वाफ होते, पेडल खाली जातं. सिलिंडर, लायनर मिस्त्रीकडे.

हौदा आणि फाळका

फुटलेल्या टोमॅटोचा रस आंबट, तो रंग खातो आणि मग पत्रा. क्रेट उतरले की हौदा पाण्याने धुऊन फाळका (हौद्याचा मागचा पडता दरवाजा) उघडा ठेवून वाळवा. रबरी मॅट टाकली असेल तर ती उचलून. मॅटखालचं पाणी दिसत नाही आणि पत्रा सडतो तिथूनच. कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा. गंज लागलाच तर तारेच्या ब्रशने लोखंडापर्यंत घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. फाळक्याच्या बिजागरीच्या पिना झिजून तो खडखडत असेल तर पिना बदला आणि टेकायच्या जागी जुन्या ट्यूबचे तुकडे रिव्हेटने मारा. हौद्याची उंची-लांबी मात्र मनाने वाढवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असले बदल येतात आणि पासिंगला गाडी अडकते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, त्यामुळे ही अडचण दरसाल उभी राहणार.

पासिंगच्या आधी रिफ्लेक्टर टेपही बघून घ्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. फाळक्यावरची टेप क्रेट घासून सर्वात आधी जाते. जुनी खरवडून काढा, पत्रा स्पिरिटने पुसा आणि दुपारी पत्रा कोमट असताना नवी चिकटवा. ओल्या सकाळी लावलेली टेप पहिल्याच धुण्यात सुटते.