कोडिंगचा क्लास लावायचा की घरीच शिकायचं?

फी भरायच्या आधी एक महिना घरी करून बघा, खरंच. पायथन ही कोडिंगची भाषा फुकट आहे, हार्वर्डचा सीएस50 हा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स पण ऑनलाइन फुकट बघता येतो, मग घाई कसली? फक्त व्हिडिओ बघत बसू नका, बंद करून तोच कोड स्वतः टाइप करा. किराण्याची बेरीज करायला घ्या, इनपुटमधून आलेले 20 आणि 30 जोडले की 50 च्या जागी 2030 येतं, कारण पायथन त्यांना आकडे नाही तर अक्षरं समजतं, आधी इंट (int, अक्षरांचा आकडा करणारी कमांड) लावावं लागतं. हे स्वतः शोधलंत तर क्लासची गरज कमीच आहे.

घरी शिकणं सारखं अर्धवट सुटत असेल, अडल्यावर विचारायला कोणीच नसेल, तर लावा क्लास. पण आधी डेमोला बसा, सर समोर कोड लिहितात की नुसत्या स्लाइड वाचतात ते बघा. प्लेसमेंट गॅरंटीला भुलू नका.